पद्मिनीच्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर आणि वॅक्स: एक पावसाळा काढल्यानंतर (आणि त्या नळीबद्दल)

निकाल आधीच देऊन टाकतो. वॅक्स चांगलं, कन्व्हर्टर ठीकठाक, सोबतची नळी भंगारात घालण्याच्या लायकीची. संचाला अठराशे रुपये पडले. त्यात ५०० मिली कन्व्हर्टर (गंजाचाच काळा थर करून टाकणारं द्रव), १ लिटर कॅव्हिटी वॅक्स (बंद पत्र्याच्या पोकळीत फवारायचं), एक एअर गन आणि ६० सेंटीमीटरची नळी येते. जानेवारीत लावलं, पूर्ण पावसाळा जाऊ दिला आणि दिवाळीनंतर मॅटिंग उचलून, दारांची आतली पॅनल काढून पाहिलं. गाडी प्रीमियर पद्मिनी, गाव रत्नागिरीच्या बाजूचं, खाडीकाठी.

इंजिन, गिअर वगैरेंची माहिती इथल्या वाचकांना पाठ आहे, म्हणून एवढंच लक्षात आणून देतो की या गाडीला वेगळी चॅसिस नाही, बॉडी हीच चॅसिस. दारांखालची बंद पत्र्याची पेटी सडली की गाडी मधोमध वाकते. जॅक लावल्यावर दार घासायला लागलं किंवा लागेनासं झालं तर पेटी गेलीच समजा. तिथे बाटलीतलं काहीही ओतून उपयोग नाही. २० गेजचा पत्रा कापून वेल्डिंग करावं लागतं. मुंबईतल्या पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून कायमच्या गेल्या, त्यामुळे कुर्ल्याच्या बाजारात तयार पॅनल मिळेल या भरवशावर आता राहू नये.

तर नळी. या बंद पेटीत हात जात नाही, डोळा जात नाही, आणि वॅक्स घ्यायचं ते मुख्यतः तिच्यासाठीच. नळीच्या टोकाला भोक एकच, तेही नाकासमोर. ट्रिगर दाबला की फवारा थेट पेटीच्या पलीकडच्या टोकावर आदळतो. वरचा पत्रा आणि दोन पत्र्यांच्या जोडाची शिवण कोरडीच राहते, आणि पाणी नेमकं त्या शिवणीत बसतं. मोबाइलला जोडायचा स्वस्तातला कॅमेरा आत सरकवून पाहिलं तर तळाला वॅक्सचं थारोळं आणि छताला जुना गंज जसाच्या तसा. शिवाय लांबी ६० सेंटीमीटर! पेटी त्याहून लांब आहे हे बनवणाऱ्याला मोजपट्टीने कळलं असतं. अठराशेच्या मालात पाच रुपयांच्या टोकाची काटकसर कोणाला सुचली असेल?

कंपनीच्या ग्राहक सेवेकडे चारी बाजूंना फवारणारं टोक मागितलं तर आधी व्हिडिओची लिंक आली, मग ‘प्रो’ संच घ्या असा सल्ला. टोक सुटं देत नाहीत.

उपाय घरी होतो. कंप्रेसरला लावतात ती ६ मिमीची नायलॉनची पाइप दीड मीटर घ्यावी. पीयूची (पॉलीयुरेथेनची) नको, ती मऊ असते, आत ढकलताना दुमडते. एक टोक मेणबत्तीवर गरम करून पक्कडीने दाबून बंद करायचं. टोकापासूनच्या दीड सेंटीमीटरात १ मिमीच्या ड्रिलने आठ भोकं पाडायची, चार-चारच्या दोन रांगांत, एका रांगेतली भोकं दुसरीच्या मधोमध येतील अशी. भोकांच्या कडेला उठलेली आतली बूर ब्लेडने काढायची, नाहीतर दोन भोकं लगेच तुंबतात. दर १० सेंटीमीटरवर चिकटपट्टीची खूण करावी. पाइप पार आतपर्यंत घालून, ७० पीएसआयच्या आसपास हवा ठेवून ट्रिगर दाबायचा आणि सेकंदाला चार-पाच सेंटीमीटर अशा बेताने बाहेर ओढत यायचं. आधी पुठ्ठ्याच्या लांब खोक्यात चाचणी घ्या. चारी बाजू सारख्या भिजल्या की मगच गाडीला हात लावा. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप पुरत नाही, पेंटरकडून कंप्रेसर भाड्याने आणावा. आंब्याच्या फवारणीचा पंप वापरायचं कोणाच्या डोक्यात आलं तर तिथेच थांबा. वॅक्सने त्याचे वॉशर फुगतात, आणि मोहोराच्या दिवसांत पंप मागायला आलेल्या माणसाला तोंड दाखवता येत नाही.

नळी बदलल्यावर वॅक्सबद्दलचं मत पार फिरलं. ऐन पावसात, खाऱ्या वाऱ्यात उभ्या गाडीच्या पेटीत आता ओलसर, तपकिरी, चिकट थर आहे आणि त्याखाली गंज पुढे सरकलेला नाही. दारांच्या तळाशीही तेच. १ लिटरमध्ये दोन्ही पेट्या, चार दारं आणि डिकीच्या कडा होतात. पुढच्या मडगार्डच्या दिव्यामागच्या खोबणीला उरलं तर उरलं.

वॅक्सची खोड एकच, ते पाणी निचरायची भोकं बुजवतं. दाराच्या तळाची आणि पेटीच्या टोकाची भोकं बुजली की काचेच्या रबरातून उतरलेलं पाणी आतच साचतं, मग वॅक्स नसतं तर बरं झालं असतं असं वाटण्याची पाळी येते. फवारल्यावर तासाभराने प्रत्येक भोकात माडाच्या झापाचा हीर फिरवावा. तारेने रंग खरवडतो, हिराने नाही. मे महिन्यात उन्हात पत्रा तापला की थोडं वॅक्स पुन्हा ओघळतं, म्हणून मिरगाच्या आधी भोकं परत बघावीत. ओघळाचे डाग अंगणात पडतात, खाली पोतं टाकावं. ब्रेकचे ड्रम, सायलेन्सर आणि लीफ स्प्रिंगचे रबरी बुश झाकल्याशिवाय फवारू नये.

आता कन्व्हर्टर. हा टॅनिक ॲसिडचा आहे, दुधासारखा पांढरा. गंजावर लावला की अर्ध्या तासात निळसर काळा पडतो, कारण गंजाचं टॅनेट होतं आणि त्यातला पॉलिमर वर पापुद्रा धरतो. स्वच्छ उघड्या पत्र्यावर तो काही करत नाही, त्याला गंज लागतोच. पण सुटी पापडी नको. वायर ब्रश, मग ८० नंबरचा पॉलिश पेपर, घट्ट बसलेला पातळ गंज तेवढा ठेवायचा. पत्र्यावर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर लावा, बद्द आवाज आला तर टोचा, आरपार गेलं तर पत्रा बदला. आवाज बद्द आहे आणि लोहचुंबकही धरत नाही, तर आत कोणीतरी लांबी (पुट्टी) भरून ठेवली आहे.

जुलैपर्यंत या बाटलीला एकच तारा द्यायचं ठरलं होतं. ड्रायव्हरच्या पायाखालच्या काळ्या थरातून तपकिरी ठिपके फुटायला लागले होते. पण बॅटरीखालचा ट्रे, तीच बाटली, तोच ब्रश, अजून काळाकुळकुळीत. फरक पाण्याचा निघाला. ट्रे धुतला होता साठवलेल्या पागोळीच्या पाण्याने आणि तळ खाडीकाठच्या विहिरीच्या. गंजाच्या खळग्यांत मीठ बसलेलं असतं, ते न धुता कन्व्हर्टर लावला तर मीठ खालून पाणी खेचत राहतं आणि गंज थर फोडून वर येतो. आणि धुवायचं पाणीच मचूळ असेल तर मीठ काढत नाही, घालतच आहोत. पाण्यातले क्षार दाखवणारा दोन-तीनशे रुपयांचा टीडीएस मीटर घ्या. ५०० पीपीएमच्या वर दाखवत असेल तर त्या पाण्याने पत्रा धुऊ नका. पहिल्या दोन-चार सरींत कौलं धुऊन निघाली की पुढचं पागोळीचं पाणी पिंपात भरून ठेवावं, वर्षभर पुरतं. हायवेला मासळीच्या गाड्यांमागून आलात तर त्यांच्यातून गळणारं खारं पाणी थेट मडगार्डच्या आत बसतं. बीचवर गाडी उतरवणाऱ्यांबद्दल तर न बोललेलं बरं.

त्यामुळे कन्व्हर्टरचे तारे वाढवून तीन केले. चौथा लेबलमुळे गेला, त्यावर मिठाचा उल्लेखच नाही. दुसरी कमी म्हणजे ब्रश बाटलीत बुडवू नका हे बारीक अक्षरात लिहिलंय. ब्रशबरोबर गंजाचे कण आत गेले की उरलेला सगळा माल काळा पडून घट्ट होतो. वाटीत लागेल तेवढाच ओतायचा, वाटीतला उरलेला परत ओतायचा नाही. ५०० मिलीत दोन थरांनी पायाखालचे चारही तळ, स्टेपनीचा खड्डा आणि ट्रे होतो. सकाळी दंव उडाल्यावर, ऊन तापायच्या आत लावावा. तापल्या पत्र्यावर तो गंजात मुरण्याआधीच सुकतो.

वर २४ तासांनी दोन भागांचा एपॉक्सी प्रायमर. गावातला पेंटर रेडऑक्साइडच सुचवेल. नुसता रेडऑक्साइड ओल शोषतो, आपल्या हवेत तो एक पावसाळाही टिकत नाही. डांबरी अंडरकोटिंगही नको. वरून काळंभोर दिसतं, कडेला चीर पडली की पाणी मागे शिरतं आणि आतल्या आत पत्र्याची पापडी होते.

क्रम चुकवू नका: वेल्डिंग, कन्व्हर्टर, प्रायमर, रंग, सगळ्यात शेवटी वॅक्स. वॅक्स मारलेल्या पेटीवर वेल्डिंगची ठिणगी पडली तर आतून पेट घेते. डिकीच्या बाजूला वेल्डिंग असेल तर पेट्रोलची टाकी उतरवूनच. आणि गाडी उचलून ठेवायला जांभ्याचे चिरे अजिबात नकोत, कितीही सरळ दिसले तरी. जॅकच्या टोकाखाली चिरा भुगा होऊन बसतो. लोखंडी स्टँड घ्या, खाली लाकडी फळी.

पुन्हा संच घेणार नाही. वॅक्सचा १ लिटरचा डबा सुटा सातशेला मिळतो, गन पेंटरकडे असते, पाइपचे चाळीस रुपये. कन्व्हर्टर अजून अर्धी बाटली शिल्लक आहे, झाकणाखाली प्लॅस्टिकचा तुकडा घालून घट्ट लावली आहे. काम झाल्यावर पाइपमधून रॉकेल किंवा थिनर सोडायला विसरू नका, नाहीतर आठही भोकं पुढच्या वर्षी पुन्हा पाडावी लागतील.