हत्तरसंग कुडलची अभ्याससहल : शिलालेख नीट कळला, गाव मात्र राहून गेले

सोलापुरातून हत्तरसंग कुडलला नेऊन आणणारी एका स्थानिक आयोजकांची एक दिवसाची अभ्याससहल नुकतीच केली. दक्षिण सोलापूर तालुक्यातील हे गाव शहरापासून सुमारे ४० किलोमीटरवर, भीमा आणि सीना यांच्या संगमाजवळ आहे.

सहलीतील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे शिलालेखाचे वाचन. संगमेश्वर मंदिराच्या सभामंडपातील तुळईवर शके ९४०, म्हणजे इसवी सन १०१८ मधील लेख कोरलेला आहे आणि कालोल्लेख असलेल्या अगदी जुन्या मराठी लेखांत त्याची गणना होते. तुळई उंचावर, अक्षरे झिजलेली आणि मंडपात उजेड बेताचा, त्यामुळे एकटा आलेला माणूस बहुधा नुसता दगड पाहून परततो. मार्गदर्शकाने बॅटरीचा झोत समोरून न टाकता एका बाजूने, जवळजवळ दगडाला घासून टाकला. खाचांमध्ये सावली भरली आणि ‘वाछि तो विजेया होईवा’ (जो वाचील तो विजयी होईल) ही ओळ आम्हांला अक्षर लावून वाचता आली. नोकरी सांभाळून जिल्ह्यातील शिलालेखांचा गावोगाव शोध घेणारे सोलापूरचे आनंद कुंभार यांच्या कामाविषयीही तो आदराने आणि नेमके बोलला. एवढ्यासाठी दिलेले शुल्क मला मुळीच जास्त वाटले नाही.

शेजारचे हरिहरेश्वर मंदिर मात्र घाईत उरकले गेले. मातीच्या ढिगाऱ्याखालून मोकळे केलेले हे मंदिर, त्याचा वरून उघडा असलेला स्वर्गमंडप आणि साडेतीनशेहून अधिक मुखे कोरलेले शिवलिंग यांना मिळून अर्धा तासही दिला नाही, हे अनाकलनीय आहे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. ही देवळे गावाने कशी चालवली, याविषयी दिवसभरात जवळजवळ काहीच सांगितले गेले नाही. कल्याणीच्या चालुक्यांच्या, म्हणजे याच काळातील लेखांत देवाला दिलेली जमीन, घाण्यावरचे तेल, बाजारातील करातला वाटा अशा दानांच्या नोंदी वारंवार येतात, आणि ते उत्पन्न नैवेद्य, अखंड दिवा, तपस्व्यांचे अन्न व पडझडीची दुरुस्ती यांवर खर्च करावे, हेही त्यांत बजावलेले असते. म्हणजे दान देणारा, तेली, शेतकरी, पुजारी असे सगळेच त्या व्यवस्थेत बांधलेले असत. सोलापूर जिल्ह्यातील जुने लेख तर बहुतांशी कन्नडमध्ये आहेत. त्यांच्याशेजारी ठेवल्यावरच कुडलच्या मराठी ओळीचे महत्त्व उमगते. मार्गदर्शकाला हे ठाऊक नसेल असे वाटत नाही, पण ‘आद्य मराठी लेख’ हा एकच मुद्दा त्याने इतका ताणला की बाकी सारे त्यामागे झाकले गेले. (‘आद्य’ हे विशेषणही जपून वापरावे, कारण अक्षी (रायगड जिल्हा) आणि श्रवणबेळगोळ (कर्नाटक) येथील जुन्या मराठी लेखांचा दावा अभ्यासकांनी अजून मोडीत काढलेला नाही.)

याचा परिणाम प्रत्यक्ष वागण्यातही दिसला. गावातील काही बायका नैवेद्याचे ताट घेऊन आल्या, तेव्हा आमच्यातील मंडळी छायाचित्रांसाठी गाभाऱ्याचे दार अडवून उभी होती आणि आयोजकांपैकी कोणीही त्यांना बाजूला केले नाही. देवळात पूजा चालू असताना पाहुण्यांनी कुठे उभे राहावे, हे बसमध्येच सांगायला हवे होते. पुजाऱ्यांशी किंवा गावातील जुन्या जाणत्यांशी अर्धा तास गप्पा ठेवल्या असत्या, तर यात्रा, पालखी, पुराची वर्षे यांविषयी पुस्तकात न सापडणारे बरेच काही ऐकायला मिळाले असते.

जेवण उत्तम होते : कडक भाकरी, शेंगाचटणी, डाळकांदा. स्वच्छतागृहाची सोय मात्र आधी विचारून घ्यावी, विशेषतः सोबत वयस्कर माणसे असतील तर. उन्हाळ्यात मंडपाबाहेरचा दगड तापतो आणि अनवाणी चालणे कठीण होते; पावसाळ्यात उजनी धरणातून पाणी सोडले की भीमा फुगते, तेव्हा संगमाकडे उतरण्याचा आग्रह धरू नये. थंडीतील फेरी निवडावी आणि नोंदणी करतानाच हरिहरेश्वरसाठी किमान एक तास ठेवणार का, हे आयोजकांना स्पष्ट विचारावे.