अर्ध्या फोटोतला सातबारा

आई-वडिलांसाठी सोलापुरात घर घ्यायचे ठरले तेव्हा मी पुण्यात नोकरीला होतो आणि दर शनिवारी हुतात्मा एक्सप्रेसने येऊन घरे पाहत फिरणे मला जमणारे नव्हते. म्हणून मोबाइलवरची जाहिरात पाहून मी पुण्यातल्याच एका एजंटाला गाठले. त्याने विजापूर रोडकडचे, हद्दवाढ भागातले दीड गुंठ्यावरचे घर सुचवले. भाव आजूबाजूपेक्षा चार लाखांनी कमी होता, आणि त्याचे कारण विचारण्याऐवजी मी मनातल्या मनात खूश झालो.

सातबारा त्याने फोटो काढून पाठवला. मालकाचे नाव, गट क्रमांक, क्षेत्र सगळे स्वच्छ दिसत होते. उजवीकडचा 'कूळ, खंड व इतर अधिकार' हा रकाना मात्र फोटोत निम्मा कापला गेला होता, आणि फोटो घाईत काढला असेल असे समजून मी तो सोडून दिला. विसार म्हणून साडेतीन लाख रुपये दिले, साठेखत, म्हणजे पुढे खरेदी करण्याचा करार, नोटरीसमोर केले. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे आणि खरेदीखत दुय्यम निबंधकांकडे नोंदवल्याशिवाय मालकी मिळत नाही, हे मला ऐकून माहीत होते. पण लाल शिक्का पाहिला की माणूस निर्धास्त होतो.

पुढे काका मला आसरा चौकातल्या त्यांच्या ओळखीच्या एजंटाकडे घेऊन गेले. कागद हातात घेण्यापूर्वीच ते एजंट म्हणाले, "काका, हे घर याआधी दोघांना दाखवून झालंय. विकणाऱ्याच्या नावावर खरेदीच नाही." त्यांनी डिजिटल सातबारा काढला, तेव्हा फोटोत कापलेल्या त्याच रकान्यात पतसंस्थेचा बोजा, म्हणजे थकलेल्या कर्जाची नोंद, निघाला. विकणाऱ्याकडेही मूळ मालकाने करून दिलेले नोटरीचे साठेखतच होते, जमीन घरासाठी वापरायला परवानगी देणारा बिगरशेतीचा आदेश तर कुठेच नव्हता. नळाला किती दिवसांआड पाणी येते, हेसुद्धा त्यांनी समोरच्या किराणा दुकानदाराला फोन करून विचारले. पुण्यातल्या माणसाने त्या गल्लीत पाऊलही टाकलेले नसावे.

गावातला प्रत्येक एजंट सरळ असतो असे नाही. रेरा या घरबांधणी प्रकल्पांच्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या प्रकल्पातले घर विकणाऱ्या एजंटाला महारेराकडे, म्हणजे त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाकडे, स्वतःची नोंदणी सक्तीची आहे, त्यामुळे तिथे त्याचा क्रमांक मागून संकेतस्थळावर पडताळता येतो. माझ्यासारख्या सुट्या घराच्या व्यवहारात ती सोय नसते. तिथे उपयोगी पडतो तो त्याच भागात वर्षानुवर्षे बसलेला आणि उद्याही तिथेच तोंड दाखवावे लागणारा माणूस. या काकांच्या ओळखीच्या एजंटाने दोन टक्के दलाली सांगितली, तेव्हा मला ती जड वाटली होती.

साडेतीन लाखांपैकी एक लाख परत मिळाले. उरलेल्या रकमेचा धनादेश वटला नाही, म्हणून बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांच्या आत न वटलेल्या धनादेशाबद्दलची कलम 138 ची नोटीस पाठवली. पैसे भरायला तिच्यात दिलेले पंधरा दिवस येत्या शुक्रवारी संपतात.