परसात कुठली कोंबडी? आधी स्वभाव बघा, मग अंडी मोजा

कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो : वर्षाला अंडी किती? मी उलट विचारतो, दिवसभर घरी कोण असतं? शेजाऱ्याची भाजी किती जवळ आहे? घरात लहान मूल आहे का? कारण अंड्यांचा आकडा कागदावर असतो, तर कोंबडीचा स्वभाव रोज सकाळी खुराडं उघडलं की अंगणात येतो.

गावरानपासून सुरुवात करू. ही कोंबडी पाळीव खरी, पण अर्धा जीव रानातच. संध्याकाळी खुराड्यात जायची सवय लावली नाही, तर सरळ फणसावर चढून बसते. दिवसा हाताला लागणं विसरा, धरायची तर अंधार पडल्यावर. पण घारीची सावली अंगणात पडली की तिच्या घशातून एक लांब ‘कर्र्र’ निघतं आणि दहाच्या दहा पिल्लं क्षणात पंखाखाली, नाहीतर लाकडांच्या ढिगाखाली गडप. हे तिला कुणी शिकवत नाही.

आणि ती खुडूक बसते, म्हणजे अंडी उबवायला ठाण मांडते. आमची एक जिन्याखालच्या डालग्यात बसली होती. अंडी तपासायला हात घातला, तर पिसं फुलवून दुप्पट झाली आणि मनगटावर अशी चोच मारली की दोन दिवस वळ होता. इथेच खरी मेख आहे. एकवीस दिवस ती अंड्यांवर बसणार, पुढे दीड-दोन महिने पिल्लं फिरवणार आणि या काळात अंडं देणार नाही. वर्षातून दोन-तीनदा असं झालं की साठ-ऐंशी अंड्यांच्या पुढे हिशेब जात नाही. काही जण खुडूक मोडायला तिला पाण्यात बुचकळतात. मला ते पटत नाही. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, बिनाकाडीकचऱ्याचं तीन-चार दिवस ठेवलं की बहुतेकदा उतरते.

वनराज आणि ग्रामप्रिया अगदी दुसऱ्या टोकाच्या. दोन्ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयानं परसासाठीच तयार केलेल्या. वनराज अंगानं भारी, अंडी शंभराच्या आसपास. ग्रामप्रिया हलकी, ती नीट ठेवली तर दीडशेच्या पुढे जाते. दोघी शांत. कण्यांचा डबा वाजला की पायात येतात, आजीनंही वाकून उचलावी इतक्या. घरात म्हातारी माणसं नि मुलं असतील तर माझं मत यांनाच. पण ही शांतता घारीलाही कळते, मुंगसालाही. गावरान पळून झाडावर जाते तेव्हा वनराज मान वर करून बघत उभी असते. दिवसभर घराला कुलूप असेल तर वरून जाळी लावल्याशिवाय ती घेऊ नका. शिवाय खादाड आहे. दाणे मोजून टाकले नाहीत तर चरबी चढते आणि अंडी कमी होतात. या सहसा खुडूक बसत नाहीत, आणि त्यांच्या अंड्यांतून निघालेली पुढची पिढी त्यांच्यासारखी निपजत नाही. म्हणजे दर खेपेला पिल्लं विकत आणावी लागणार.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची. २०१८ साली तिच्या मांसाला भौगोलिक मानांकन मिळालं. (मांस काळं असतं, अंडं नाही. हे अजून लोकांना सांगावं लागतं.) स्वभावानं बुजरी आणि चपळ. भांडं पडलं तरी सगळा कळप कोपऱ्यात, आणि कमरेएवढं कुंपण म्हणजे तिला उंबरठाच. खुडूक क्वचित बसते, म्हणून तिची अंडी गावरानखाली ठेवून उबवतात. माणसाळलेली कोंबडी हवी असेल तर तिच्या नादी लागू नका. चिकटून घरं असलेल्या वस्तीत तर नकोच.

झुंजीची जात म्हणून असीलबद्दल गैरसमज फार. माणसाशी ही कोंबडी अतिशय सभ्य. कोंबडा काखेत घेऊन फिरा, हूं की चूं करणार नाही. वैर सगळं जातभाईंशी. पिल्लं काही आठवड्यांची झाली की एकमेकांच्या माना धरतात, माद्याही मागे नसतात. एका परसात दोन असील कोंबडे कधीच ठेवू नयेत. अंडी मोजकीच, पण आई म्हणून जबरदस्त : बोक्यावर चाल करून जाते. (झुंजी लावणं १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. कुणी ‘हौस’ म्हणून बोलावलं तरी जाऊ नका.)

ऱ्होड आयलंड रेडच्या माद्या धीट, अंडी भरपूर. कोंबडा मात्र पाठमोऱ्या माणसावर धावतो, मुलं असतील तर नकोच. अंड्यांसाठी कोंबडा लागतही नाही.

मी स्वतः काय ठेवलंय? चार ग्रामप्रिया आणि दोन गावरान माद्या. अंडी पहिल्या देतात, पिल्लं दुसऱ्या काढतात. गंमत म्हणजे अंगानं लहान असून खुराड्यातली वरची काठी गावरानच बळकावतात. नव्या कोंबड्या दिवसा सोडल्या तर जुन्या त्यांना टोचून रक्त काढतात, म्हणून नव्या रात्री अंधारात काठीवर नेऊन बसवाव्यात. सकाळी कुरबुर होते, पण रक्त निघत नाही.

पहिल्यांदाच घेत असाल तर एक दिवसाची पिल्लं नकोत. दीड महिन्याची, लासोटाची (राणीखेत रोगावरची) लस झालेली मागा, आणि विकणाऱ्यानं खुराड्यात हात घातल्यावर पक्षी कसे वागतात ते तिथेच उभं राहून बघा.