लिव्हरचा पेशंट, दारू सोडणं: ओपीडी बरी की फोन?

गेल्या महिन्यात एका मित्राने त्याच्या धाकट्या भावासाठी विचारलं. लिव्हर सिऱ्होसिस निघालाय, दारू सोडायची आहे, तर दर पंधरा दिवसांनी पुण्याला न्यायचं की घरून व्हिडिओवर उपचार चालू करायचे? हा प्रश्न 2020 साली माझ्यापुढे होता, तोही टाळेबंदीत आणि साताऱ्यात बसून. फोनवर त्याला जे सांगितलं ते इथे जरा नीट लिहून ठेवतो. सिऱ्होसिस म्हणजे काय आणि दारू का बंद, हे डॉक्टरांनी तुम्हाला सांगितलेलं असणारच.

सोडण्याचे पहिले चार-पाच दिवस या तुलनेत धरूच नका. ते दवाखान्यातच काढायचे. रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की काही तासांतच हात थरथरायला लागतात, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी नसलेली माणसं दिसायला लागतात. फेब्रुवारीत पोटातलं पाणी काढायला मला ॲडमिट केलं होतं, त्यामुळे माझे हे दिवस वॉर्डातच गेले. यावरच्या काही नेहमीच्या गोळ्या लिव्हर खराब असलं की अंगात साठत जातात, म्हणून डॉक्टर लोराझेपामसारखं औषध निवडतात आणि मोजूनमापून देतात. सोबत बी-1ची इंजेक्शनं असतात. केंद्र सरकारने 25 मार्च 2020ला टेलिमेडिसिनचे नियम काढले, त्यातही एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखालची औषधं व्हिडिओवर लिहून द्यायला मनाई होती, आणि लोराझेपाम त्यातलंच. त्या मनाईमागचं कारण मला वॉर्डातच कळलं होतं.

प्रश्न उरतो तो त्यानंतरच्या महिन्यांचा. घरी आल्यावर तहान लागते, त्या महिन्यांचा.

ओपीडीची बाजू आधी सांगतो, कारण तिचं ऋण आहे. डॉक्टर पोटावर बोटं ठेवून टकटक करतात, पायाच्या नळीवर अंगठा दाबून खड्डा पडतो का बघतात, पापणी खाली ओढून डोळ्यांतला पिवळेपणा बघतात. मोबाइलच्या पडद्यावर यातलं काहीच होत नाही. आमच्या घरातल्या पिवळट बल्बखाली तर घरातले सगळेच काविळीचे दिसायचे. पण त्या काळात साताऱ्याहून पुणे म्हणजे जिल्हा ओलांडायला ई-पास, भाड्याची गाडी, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटर, आणि एंडोस्कोपी असेल तर आधी कोरोनाचा स्वॅब. त्रास होता, पण एवढ्याने मी ओपीडी सोडली नसती.

मला खुपली ती एकच गोष्ट. टेबलापाशी चार-पाच जण उभे असायचे. कुणी रिपोर्ट हातात धरून, कुणी नंबर आलाय का विचारत. दार उघडं. माझ्या मागे गाडी घेऊन आलेले मेहुणे. आणि डॉक्टर फाइलमधून मान वर न करता मोठ्याने विचारायचे, "दारू बंद आहे ना?"

त्या खोलीत या प्रश्नाला एकच उत्तर होतं. "हो साहेब."

फाइलवर लिहिलं जायचं, दारू बंद. मेमध्येही लिहिलं गेलं, जूनमध्येही लिहिलं गेलं. 4 मे 2020ला राज्यात बऱ्याच ठिकाणी दारूची दुकानं उघडली आणि त्याच आठवड्यात मी पुन्हा प्यायलो. जूनमध्ये बिलिरुबिन, म्हणजे रक्तातलं काविळीचं माप, वाढलं. दारू तर बंद आहे, मग वाढलं का, म्हणून डॉक्टरांनी दोन जास्तीच्या तपासण्या लिहून दिल्या. मेहुण्यांनी त्यांचे पैसे भरले. त्या पावत्या मी अजून जपून ठेवल्या आहेत.

खोटं बोलायला आणखी एक कारण होतं. ट्रान्सप्लांटचा विषय निघाला होता आणि अनेक केंद्रांवर आधी सहा महिने दारूपासून लांब राहिल्याचं बघतात. कबूल केलं तर घड्याळ पुन्हा शून्यावर येईल, ही भीती बऱ्याच पेशंटना असते. ती बोलून दाखवायला ओपीडीत जागाच नसते.

फोनवर समुपदेशन सुरू झालं ते निरुपायाने. दर गुरुवारी रात्री आठ वाजता मॅडमचा फोन यायचा. पहिले तीन आठवडे मी हॉलमध्ये बसून बोललो. शेजारी आई भाजी निवडत, मुलगी वही घेऊन, आणि ओपीडीत द्यायचो तीच उत्तरं. चौथ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "दादा, आज तुम्ही घरात बसून नका बोलू. वर गच्चीवर जाता येईल का?" गेलो. टाकीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. त्या काहीच बोलेनात. मग मीच म्हणालो, "मॅडम, काल घेतली. परवाही घेतली."

पलीकडून ओरडा नाही, उपदेश नाही. किती घेतली, कुणाबरोबर, त्याआधी दुपारी काय झालं होतं, एवढंच विचारलं. हे लिव्हरच्या डॉक्टरांना सांगू का, असंही विचारलं आणि माझ्या होकाराची वाट पाहिली. पुढच्या भेटीत डॉक्टर मला आतल्या खोलीत घेऊन गेले. माझ्या बाबतीत पारडं तिथे झुकलं. तुमच्या गावचे डॉक्टर मुळातच दार लावून, एकट्याला विचारणारे असतील, तर माझं म्हणणं खुशाल बाजूला ठेवा.

आता फोनची चूकही सांगायलाच हवी, कारण ती जिवावर बेतली असती. बायकोने एक पद्धत लावली होती. रोज सकाळी कालनिर्णयच्या चौकोनात माझं वजन लिहायचं आणि खाली माझी सही घ्यायची. रविवारी त्या पानाचा फोटो दवाखान्याच्या नंबरवर जायचा. जुलैतल्या एका मंगळवारी माझं व्हिडिओवर डॉक्टरांशी बोलणं झालं. त्यांनी दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगितले. लिव्हरचं विष मेंदूपर्यंत गेलं असेल तर पंजे फडफडतात. नेट अडकत होतं, चित्र थांबून थांबून पुढे जात होतं. ठीक दिसतंय, म्हणाले. बुधवारी सकाळी माझी सही चौकोनातून उतरत खालच्या तारखेत गेली. बायकोने आधीची पानं उलटून बघितली. सोमवारपासूनच अक्षर वाकडं होत होतं. पोट तीन दिवस साफ नव्हतं आणि पोट साफ ठेवायचं औषध, लॅक्टुलोज, संपलेलं मी कुणाला सांगितलं नव्हतं. दुपारपर्यंत तिने मला ॲडमिट केलं.

कॅमेऱ्याला जे दिसलं नाही ते कॅलेंडरला दिसलं. म्हणून घरून उपचार घ्यायचे तर वजनकाटा आणि रोजची सही, या दोन गोष्टींशिवाय सुरू करू नका. आणि बघणारं माणूस घरात हवं. एकट्या राहणाऱ्याला मी फोनचा सल्ला देताना कचरेन.

औषधांबाबत एकच सावधगिरी. दारू सुटायची गोळी म्हणून डायसल्फिराम कुणी सुचवलं, तर लिव्हरच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, ती लिव्हरलाच बाधू शकते. सिऱ्होसिसमध्ये बॅक्लोफेनचा विचार बऱ्याचदा होतो, पण त्याने गुंगी येते आणि मग ती गुंगी गोळीची की आजाराची हे फोनवर ओळखणं कठीण. मला ते समोरासमोर बसूनच चालू केलं होतं.

ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट. त्याच्या मीटिंगा त्या काळात झूमवर आल्या. कॅमेरा बंद ठेवून नुसतं ऐकत बसता यायचं. मी दोन महिने तेवढंच केलं. हॉलमधल्या मीटिंगमध्ये शेजारी बसलेल्या माणसाचा जो आधार वाटतो तो त्यात नाही, हे मान्य. पण आमच्या गल्लीतला मी हॉलची पायरी कधीच चढलो नसतो.

मित्राला मी असं सांगितलं: लिव्हर पुण्याला ने आणि दारूचं बोलणं फोनवर ठेव. एकच निवडायची वेळ आली तर पहिले सहा महिने मी फोनची बाजू घेईन, रक्ताच्या तपासण्या गावातल्या लॅबमध्ये करून. खिशाला परवडत नसेल तर ई-संजीवनी ही सरकारची ऑनलाइन ओपीडी आहेच, आणि 2022 पासून टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. रक्ताची उलटी, काळी शौच, ताप किंवा बोलण्यात गोंधळ दिसला तर मात्र फोन करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा.

माझी सोनोग्राफी अजून दर सहा महिन्यांनी पुण्यालाच होते. गुरुवारचा फोन आता महिन्यातून एकदा येतो. आठ वाजले की मी गच्चीवर जातो. पावसाळ्यात जिन्यात बसतो, दार ओढून.