गुंठेवारीची वर्गणी आणि आवक शिक्क्याची झेरॉक्स

जळगाव, धुळे, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, कुठल्याही शहराच्या कडेला जा. कापसाच्या वावरात चुन्याच्या रेघा मारून पाडलेले प्लॉट आणि त्यांवर उभी राहिलेली वस्ती दिसते. एनए (बिगरशेती परवानगी) नाही, ले-आउट मंजूर नाही, सातबाऱ्यावर अजून मूळ शेतकऱ्याच्या वारसांची नावं. घरपट्टी मात्र लागलेली असते आणि विजेचं मीटरही बसलेलं असतं. अशा ठिकाणी राहणाऱ्याला दोन गोष्टी हव्या असतात: प्लॉट कायदेशीर व्हावा आणि नळाला पाणी यावं. खानदेशातल्या अशाच एका कॉलनीत या दोन गरजांवर वर्गणी गोळा झाली आणि बुडाली. प्रकार कसा जमवला गेला ते इथे तपशिलात देत आहोत, कारण हीच पद्धत थोड्याफार फरकाने दुसऱ्या कॉलन्यांतही वापरली जाते. माणसांची नावं घेत नाही.

आधी त्यातलं खरं काय, ते सांगायला हवं. महाराष्ट्रात गुंठेवारी, म्हणजे शेतजमिनीचे विनामंजुरी पाडलेले असे छोटे प्लॉट, नियमित करण्याचा कायदा २००१ चा आहे. आधी १ जानेवारी २००१ पर्यंतचीच गुंठेवारी त्यात बसत होती. २०२१ च्या दुरुस्तीने ही तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आली. वर्तमानपत्रात बातमी आली, लोकांनी वाचली. म्हणून ‘सरकारनं गुंठेवारी खुली केली’ असं कोणी सांगितलं तर ते खोटं वाटत नाही, कारण ते खोटं नाहीच. खोटं त्याच्या पुढच्या वाक्यात होतं: ‘मुदत संपत आली, कॉलनीचा एकत्र प्रस्ताव टाकला तर कमी पैशात होईल.’

हे सांगणारा परका नव्हता. वस्तीत बोअरची मोटर बिघडली की धावून येणारा, मयतीला, लग्नाला हजर असणारा, सगळे ज्याला ‘आप्पा’ म्हणतात असा. शंका काढणाऱ्याला उत्तर ठरलेलं: “भाऊ, साहेब आपलाच माणूस शे.” मारुतीच्या पारावर बैठक झाली, ‘सुधार समिती’ बनली, अध्यक्ष-सचिव-खजिनदार निवडले गेले आणि प्रत्येक प्लॉटमागे १८ हजार रुपये ठरले: १२ हजार गुंठेवारीचे, ६ हजार नळाचे. दोन हप्त्यांत.

इथेच पहिली खूण होती. गुंठेवारीचं शुल्क सगळ्यांना सारखं येऊच शकत नाही. प्रशमन शुल्क (विनापरवानगी काम नियमित करून घेण्याची रक्कम) आणि विकास शुल्क हे प्लॉटचं क्षेत्रफळ आणि त्यावरचं बांधकाम पाहून निघतं. कोणाचा एक गुंठा मोकळा, कोणाचं दोन गुंठ्यांवर मजल्याचं घर. दोघांना एकच आकडा लावला असेल तर तो महापालिकेने काढलेला नाही. शिवाय प्रत्येक प्लॉट बसतोच असंही नाही. नाल्याच्या पूररेषेत आलेला किंवा विकास आराखड्यात आरक्षण पडलेला प्लॉट सरसकट नियमित होत नाही. नोटरीवर घेतलेल्या प्लॉटची अडचण आणखी वेगळी: शंभर रुपयांच्या वरची स्थावर मिळकत नोंदणीकृत खरेदीखताशिवाय नावावर होत नाही, नोटरीचा शिक्का कितीही ठसठशीत असला तरी. या कॉलनीत तिन्ही प्रकारचे प्लॉट होते, आणि तिघांकडूनही सारखेच पैसे घेतले गेले.

पावत्या दिल्या होत्या. म्हणूनच लोक निर्धास्त राहिले. ती पावती जवळून बघण्यासारखी आहे. स्टेशनरीच्या दुकानात मिळणारं शंभर पानी पावतीपुस्तक, वर रबरी शिक्का, शिक्क्यात संस्थेचं नाव आणि ‘रजि. नं. एफ-’ने सुरू होणारा क्रमांक. हा एफ क्रमांक धर्मादाय कार्यालयाचा असतो, आणि क्रमांक खरोखरचा होता. फक्त तो एका बंद पडलेल्या क्रीडा मंडळाचा होता. ‘कशासाठी’ या रकान्यात ‘देणगी’ लिहिलेलं. शुल्क नाही, अनामत नाही, देणगी. हा शब्द मुद्दाम निवडलेला असतो. उद्या पैसे परत मागितले तर ‘देणगी परत करायची नसते’ म्हणायला मोकळं.

संस्था खरी आहे का हे बघायला फार वेळ लागत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे धर्मादाय कार्यालय आहे. तिथे क्रमांक देऊन परिशिष्ट १ ची प्रमाणित प्रत मागायची. विश्वस्त कोण, संस्थेचा पत्ता कोणता, मिळकत काय, हे सगळं त्यात असतं. पावतीवर सही करणाऱ्याचं नाव त्या यादीत नसेल तर त्याला संस्थेच्या नावाने पैसे घेण्याचा अधिकार नाही. विश्वस्त बदलले असतील तर त्याचा फेरफार अर्ज ९० दिवसांत दाखल करायचा असतो. ‘बदल झालाय, नोंद व्हायचीय’ असं कोणी म्हटलं तर त्या अर्जाचा क्रमांक विचारा. संस्था नोंदलेलीच नसेल तरी वर्गणीवर बंधन आहेच. गणपती मंडळं कलम ४१ क ची परवानगी काढतात ती याच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली.

पैसे भरताना आणखी एक गोष्ट डोळ्यांसमोर असते आणि कोणी वाचत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की बँकेतलं नाव दिसतं. मंदिराच्या भिंतीवर लावलेल्या कोडखाली ‘सुधार समिती’ छापलेलं होतं. मोबाइलवर नाव यायचं एका व्यक्तीचं.

आता शिक्क्याकडे येऊ, कारण सगळा खेळ त्यावर टिकला. पहिला हप्ता जमल्यावर समितीने सगळ्यांच्या नावांचा एक अर्ज महापालिकेत दिला. खरोखर दिला. त्याच्या प्रतीवर आवक शिक्का, क्रमांक, तारीख, कारकुनाची बारीक सही. त्याची झेरॉक्स व्हॉट्सअॅपवर फिरली: ‘प्रस्ताव दाखल, अभिनंदन!’ आवक शिक्का म्हणजे कागद पोचला, एवढंच. त्या टपालात लग्नाची पत्रिका दिली तरी शिक्का बसतो. अर्ज तपासायला घेतला, पात्र ठरला, शुल्क भरायला सांगितलं, यातलं काहीही त्या शिक्क्यात येत नाही.

खरी वाट वेगळी असते. परवानाधारक अभियंता किंवा वास्तुविशारदामार्फत प्रत्येक प्लॉटचा वेगळा प्रस्ताव जातो. सोबत खरेदीखत, सातबारा, मोजणी नकाशा, बांधकामाचा नकाशा आणि घर मुदतीच्या तारखेआधीचं आहे हे दाखवणारी घरपट्टीची पावती किंवा वीजबिल. छाननी झाली की प्लॉटधारकाच्या नावाने मागणीपत्र निघतं. त्यावर जावक क्रमांक असतो आणि प्रत्येक शुल्काचा आकडा वेगवेगळा मांडलेला असतो. ती रक्कम महापालिकेच्या खात्यात भरायची. पावती महापालिकेची, नाव तुमचं. या साखळीत समितीच्या हातात पैसे देण्याची जागा कुठेही नाही. अभियंत्याची फी द्यावी लागते, ती त्याच्याकडून पावती घेऊन वेगळी द्यावी. समितीचं काम कागद गोळा करणं आणि पाठपुरावा करणं. त्यासाठी चहापाण्याचा, झेरॉक्सचा खर्च लागतो, तो काही हजारांत जात नाही.

दाखल झालेल्या अर्जाचं काय झालं ते कोणालाही माहिती अधिकारात विचारता येतं. जोडपत्र अ, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, नगररचना विभागाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे. प्रश्न गोल विचारू नका. ‘आमच्या कॉलनीचं काम का होत नाही’ असं लिहिलं की ‘ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं उत्तर येतं. लिहायचं असं: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुक या अर्जावरील टिपणी, पत्रव्यवहार व भरलेल्या शुल्काच्या नोंदीची प्रत द्यावी.’ ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. या कॉलनीत असा अर्ज गेला तेव्हा कळलं की कागदपत्रं जोडलेली नसल्याने तो अर्ज कधीच निकाली काढला होता आणि तसं पत्र समितीच्या सचिवाला पाठवलेलं होतं.

नळाचा भाग जास्त चलाख होता, कारण तिथे काम दिसत होतं. गल्लीत चर खणले, निळ्या पट्ट्याचा काळा पाइप आला, घराघरासमोर अर्ध्या इंचाची नळी वर काढून टोपण लावलं. लोकांनी नारळ फोडला. पाइप मुख्य वाहिनीला जोडलेलाच नव्हता; कोपऱ्यावर टोक बंद करून मातीत गाडलं होतं. ज्या जिल्ह्यात ठिबकची नळी नुसती हातात घेऊन शेतकरी तिची जात सांगतो, तिथे घरासमोर गाडलेल्या पाइपावरचा छापा कोणी वाचला नाही. पिण्याच्या पाण्याच्या एचडीपीई (प्लास्टिकच्या) पाइपावर आयएस ४९८४ हा मानक क्रमांक, व्यास, दाबाचा वर्ग आणि बनवणाऱ्याचं नाव ठरावीक अंतरावर छापलेलं असतं. हा छापा नसलेला पाइप पुढे खरी योजना आली तरी महापालिका वापरणार नाही, पुन्हा खणावं लागेल.

चर बुजवण्याआधी तीन गोष्टी बघायच्या: कामाचा कार्यादेश कोणाच्या नावे आहे, रस्ता खोदाईची परवानगी आणि तिच्या शुल्काची पावती, आणि मुख्य वाहिनीवर जोड मारताना पाणीपुरवठा विभागाचा माणूस हजर आहे का. खासगी ठेकेदाराने विचारल्याशिवाय मुख्य वाहिनीला भोक पाडलं तर ती अनधिकृत जोडणी ठरते आणि दंड घरमालकाला होतो. नळजोडणीची फी आणि मुदत लोकसेवा हक्क कायद्याखाली कार्यालयाच्या फलकावर लावलेली असते. समितीने सांगितलेला आकडा त्या फलकाशी ताडून बघा.

फसवणूक उघडी पडल्यावर ठरलेला प्रकार होतो: आप्पा पैसे घेतल्याचं नाकारत नाहीत. ‘दिवाळीपर्यंत देतो’ म्हणतात, पाचशेच्या स्टॅम्पवर समजुतीचा लेख करतात, त्यात हळूच ‘उसनवार घेतलेली रक्कम’ असं लिहिलेलं असतं. अशा लेखावर सही करू नका. एकदा व्यवहार उसनवारीचा ठरला की पोलीस ‘हे दिवाणी आहे’ म्हणून हात झटकतात. तक्रार देताना सगळ्यांनी मिळून एकच मोघम अर्ज न देता प्रत्येकाने आपली रक्कम, तारीख, पावती क्रमांक आणि बँकेचा व्यवहार क्रमांक घालून वेगळा जबाब द्यावा. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं आणि ३१६ विश्वासघाताचं. ठाण्यात तक्रार घेतली नाही तर तीच तक्रार लेखी, टपालाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते. पोचपावती जपून ठेवावी. व्हॉट्सअॅपचा ग्रुप सोडू नका, चॅट पुसू नका. पुरावा म्हणून द्यायचं झाल्यास मूळ मोबाइल आणि भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही.

काहींना पुढच्या तारखेचे चेक मिळाले होते आणि ते ‘आप्पा म्हणतील तेव्हा टाकू’ म्हणून कपाटात राहिले. चेक त्यावरच्या तारखेपासून तीन महिनेच चालतो. परत आला तर बँकेच्या मेमोपासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवस चेक देणाऱ्याला पैसे भरायला, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. नोटीस स्पीड पोस्टाने, चेकवर सही करणाऱ्याच्या नावे आणि त्याच्या राहत्या पत्त्यावर पाठवावी; समितीच्या पत्त्यावर पाठवली तर ‘असा पत्ता नाही’ म्हणून ती परत येते.