सीमध्ये तात्पुरती फाइल: नाव हवं, की नुसती फाइल पुरे?

सी प्रोग्रॅमला थोडा वेळ डेटा कुठेतरी उतरवून ठेवायचा असतो. मॅन्युअल उघडलं की त्याच कामाची सात-आठ फंक्शन्स समोर येतात, आणि नावं अशी की एक झाकावं नि दुसरं काढावं. निवड करताना मी आधी एकच विचारतो: या फाइलचं नाव दुसऱ्या कुणाला लागणार आहे का? नसेल, तर बिननावाची फाइल घ्यावी. असेल, तर एमकेएसटेम्प किंवा एमकेडीटेम्प. नुसतं नाव बनवून देणारी फंक्शन्स या दोन्ही उत्तरांत बसत नाहीत.

| पर्याय | हातात काय येतं | साफसफाई कुणाची | कुठे चालतं |
|---|---|---|---|
| टीएमपीनॅम, टेम्पनॅम, एमकेटेम्प | फक्त नाव | तुमची | वापरू नये |
| टीएमपीफाइल | उघडलेला स्ट्रीम (एफओपन देतो तसा) | आपोआप | मानक सी |
| एमकेएसटेम्प | डिस्क्रिप्टर (उघड्या फाइलचा क्रमांक) आणि नाव | तुमची | पॉझिक्स (युनिक्स-घराण्याचं मानक) |
| एमकेडीटेम्प | खासगी डिरेक्टरी | तुमची, जरा जास्तच | पॉझिक्स |
| ओ_टीएमपीफाइल, मेमएफडी_क्रिएट | डिस्क्रिप्टर, नाव नाही | आपोआप | मुख्यतः लिनक्स |

नुसतं नाव देणारी फंक्शन्स

टीएमपीनॅम सांगतं, 'या नावाची फाइल आत्ता नाही.' सगळी गोम त्या 'आत्ता'त आहे. नाव हातात आल्यावर तुम्ही एफओपन करेपर्यंत मध्ये फट राहते. टीएमपी डिरेक्टरीत कुणालाही लिहिता येतं. त्यामुळे दुसरा यूजर त्या फटीत नेमक्या त्याच नावाचा सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी नोंद) करून ठेवतो आणि तो पासवर्ड फाइलकडे वळवतो. तुमचा एफओपन 'डब्ल्यू' मोडमध्ये निमूटपणे सिमलिंकच्या मागे जातो. प्रोग्रॅम रूट, म्हणजे सर्वाधिकारी यूजर, म्हणून चालत असेल तर ती फाइल रिकामी होऊन तिथे तुमचा डेटा बसतो, आणि एररचं कुठे नावही नसतं.

'नाव कुणाला ओळखताच येणार नाही असं करू' हा उपाय अर्धवट आहे. खरा इलाज फट बुजवण्यात आहे. ओपन करताना ओ_क्रिएट आणि ओ_एक्सक्ल हे दोन फ्लॅग एकत्र दिले, की 'नसेल तरच बनव, असेल तर नकार दे' हे काम कर्नल (सिस्टिमचा गाभा) एका दमात करतो, आणि त्या जागी सिमलिंक असला तरी नकारच येतो. सी११ने एफओपनला दिलेला 'एक्स' मोड याच जातीचा. जिथे एमकेएसटेम्प नाही तिथे तो कामी येतो. मात्र त्यात परवानग्या यूमास्क (नव्या फाइलच्या परवानग्यांना कात्री लावणारी सेटिंग) ठरवतो, म्हणजे फाइल बहुधा इतरांना वाचता येईल अशीच बनते. शिवाय नाव आधीच घेतलेलं निघालं तर नवं नाव घेऊन पुन्हा प्रयत्न करण्याचा लूप तुम्हालाच लिहावा लागतो. एवढं सगळं हाताने केलंत, तर ते घरी केलेलं एमकेएसटेम्पच झालं.

लिनक्स ३.६पासून कर्नलमध्ये 'प्रोटेक्टेड सिमलिंक्स' ही सोय आहे. ती चालू असली की स्टिकी बिट (दुसऱ्याच्या फाइली पुसू न देणारी खूण) असलेल्या सार्वजनिक डिरेक्टरीत परक्याने पेरलेला सिमलिंक पाळला जात नाही. उत्तम सोय आहे, पण तिच्या भरवशावर कोड लिहू नये. ती सेटिंग बंद असू शकते, आणि तुमचा कोड उद्या दुसऱ्याच सिस्टिमवर चालू शकतो. पॉझिक्सच्या २००८च्या आवृत्तीने एमकेटेम्प काढूनच टाकलं आणि टीएमपीनॅम व टेम्पनॅमवर कालबाह्यतेचा शिक्का मारला. ग्नूचा लिंकरही टीएमपीनॅम दिसताच 'धोकादायक आहे, एमकेएसटेम्प वापरा' अशी वॉर्निंग देतो. ती दाबून टाकणारी मेकफाइल दिसली, तर आत आणखी काय काय दाबलंय ते बघा.

टीएमपीफाइल: नाव नको असेल तर

एकही आर्ग्युमेंट नाही, आणि परत येतो वाचण्या-लिहिण्यासाठी उघडलेला बायनरी स्ट्रीम. तो बंद केला की फाइल गेली. युनिक्सच्या घराण्यात फाइलचं नाव सुरुवातीलाच पुसलेलं असतं, म्हणून प्रोग्रॅम मध्येच कोसळला किंवा कुणी किल -९ने मारला तरी मागे कचरा उरत नाही. सॉर्ट करताना मधले तुकडे उतरवायचे आहेत, आलेला डेटा दोनदा वाचायचाय, अशा कामांना हेच घ्या.

याची खोट म्हणजे जागा तुम्हाला निवडता येत नाही. ग्नूच्या सी लायब्ररीत हे फंक्शन टीएमपीडीआयआर हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल बघतच नाही. बऱ्याच सिस्टिमवर टीएमपी डिरेक्टरी टीएमपीएफएसवर, म्हणजे मेमरीत असते. तिथे काही जीबी ओतलेत तर रॅम आणि स्वॅप खर्ची पडतं. डिस्कवर असेल तर वेगळीच गंमत: डिस्कची शिल्लक दाखवणारं डीएफ म्हणतं डिस्क भरली, फाइलींची जागा मोजणाऱ्या डीयूला मात्र फाइल सापडत नाही, कारण तिला नावच नाही. अशा वेळी एलएसओएफच्या (उघड्या फाइली दाखवणाऱ्या कमांडच्या) यादीत 'डिलीटेड' असा शेरा असलेल्या ओळी बघाव्या. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या सी लायब्ररीत तर हे फंक्शन ड्राइव्हच्या रूट डिरेक्टरीत फाइल बनवायला जायचं आणि साध्या यूजरला परवानगी नसल्याने तिथेच अडायचं. विंडोजवरही चालवायचं असेल तर आधी तपासून घ्या.

एमकेएसटेम्प: नाव हवं असेल तर

तुम्ही साचा देता, ज्याच्या शेवटी कॅपिटल एक्स सहा वेळा असतो. फंक्शन त्या जागी अक्षरं भरतं, फाइल ओ_एक्सक्लसह उघडतं आणि डिस्क्रिप्टर परत करतं. परवानगी ०६००, म्हणजे मालकाशिवाय कुणालाही वाचता येत नाही. ग्नू लायब्ररीच्या २.०६पर्यंतच्या आवृत्त्यांत ती ०६६६ होती. आधी यूमास्क बदला हा जुन्या कोडमधला रिवाज त्या काळचा.

साचा कॅरेक्टर ॲरेमध्ये ठेवा. पॉइंटरला थेट स्ट्रिंग लिटरल लावून दिलंत, तर फंक्शन त्यातच अक्षरं लिहायला जातं आणि प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टवर आडवा होतो. सहा एक्सनंतर '.सी'सारखं शेपूट लावलंत तर ईइनव्हॅल ही एरर मिळेल. शेपूट हवंच असेल तर एमकेएसटेम्प्स आहे. ते पॉझिक्समध्ये नाही, पण लिनक्स, बीएसडी आणि मॅकवर सापडतं. पुढे एक्झेक करून दुसरा प्रोग्रॅम चालवणार असाल, तर एमकेओएसटेम्पला ओ_क्लोएक्झेक द्या, नाहीतर उघडा डिस्क्रिप्टर त्याच्याही हाती लागतो.

सगळ्यात वाईट वापर म्हणजे डिस्क्रिप्टर मिळाल्या मिळाल्या बंद करायचा आणि त्याच नावाने पुन्हा एफओपन करायचा. बुजवलेली फट आपल्याच हाताने उघडली. स्ट्रीम हवा असेल तर त्याच डिस्क्रिप्टरवर एफडीओपन करा.

एमकेएसटेम्पची खरी ताकद दिसते ती फाइल सुरक्षितपणे बदलताना. नवा मजकूर तात्पुरत्या फाइलमध्ये लिहायचा, एफसिंक करायचं (म्हणजे तो खरंच डिस्कवर उतरवायचा) आणि रीनेमने मूळ फाइलच्या जागी बसवायचा. वाचणाऱ्याला एकतर पूर्ण जुनी फाइल दिसते, नाहीतर पूर्ण नवी. त्यासाठी साचा मूळ फाइलच्याच डिरेक्टरीतला असावा. टीएमपीत बनवलीत आणि ती वेगळी फाइलसिस्टिम निघाली, तर रीनेम एक्सडेव्ह ही एरर देऊन हात वर करतो. दुसरी अडचण हमखास निसटते: नवी फाइल ०६००चीच राहते. कालपर्यंत सगळ्यांना वाचता येणारी कॉन्फिग फाइल आज सर्व्हरलाच वाचता येत नाही. रीनेमच्या आधी एफसीएचमॉडने जुन्या परवानग्या चढवा.

एमकेडीटेम्प

दोन-चार फाइली लागणार असतील, किंवा बाहेरच्या प्रोग्रॅमला नाव द्यायचं असेल आणि तो फाइल कशी उघडेल यावर तुमचा ताबा नसेल, तर खासगी डिरेक्टरी बनवणं उत्तम. परवानगी ०७००, त्यामुळे दुसरा साधा यूजर आत शिरूच शकत नाही, आणि आत कुठलीही साधी नावं ठेवून एफओपन करता येतं. किंमत शेवटी चुकवावी लागते. आरएमडीआयआर फक्त रिकामी डिरेक्टरी काढतं, तेव्हा आतलं आधी एकेक करून पुसा. महिनोन्‌महिने चालणारा प्रोग्रॅम असेल तर उलटीही भीती असते. सिस्टिमडीचे (बऱ्याच लिनक्सवर सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचे) मूळ नियम टीएमपीत १० दिवस आणि व्हीएआर-टीएमपीत ३० दिवस न वापरलेल्या फाइली झाडून टाकतात.

फक्त लिनक्ससाठी लिहीत असाल तर

ओ_टीएमपीफाइल २०१३मध्ये कर्नल ३.११सोबत आलं. ओपनला फाइलऐवजी डिरेक्टरीचा पत्ता दिला की तिथे बिननावाची फाइल मिळते, म्हणजे टीएमपीफाइलचाच गुण, फक्त जागा तुमच्या मर्जीची. मजकूर पूर्ण झाल्यावर लिंकॅटने तिला नाव देता येतं. त्या नावाची फाइल आधीच असेल तर मात्र लिंकॅट नकार देतो, त्यामुळे जुनी बदलण्याच्या कामात एमकेएसटेम्प आणि रीनेमच सरळ. सगळ्या फाइलसिस्टिमना हा फ्लॅग पेलत नाही, म्हणून नकार आला तर एमकेएसटेम्पकडे वळणारी वाट ठेवा.

मेमएफडी_क्रिएट ३.१७पासून आहे. त्यातला डेटा मेमरीतच राहतो, आणि सील लावून 'यापुढे यात बदल नाही' अशी खात्री समोरच्या प्रोसेसला देता येते. छोटा डेटा दुसऱ्या प्रोसेसला द्यायला झकास, मोठ्या डेटाला नाही.

जुना कोड सुधारायला बसलात तर टीएमपीनॅमच्या प्रत्येक जागी मिळालेलं नाव पुढे कुठे जातं ते शोधा. पुढच्याच ओळीत एफओपन आणि नंतर रिमूव्ह, एवढाच त्याचा प्रवास असेल तर तिन्ही ओळी उडवून एक टीएमपीफाइल पुरतं. नाव सिस्टिम() किंवा एक्झेक या फंक्शनच्या हाती जात असेल, तर तिथे एमकेडीटेम्प लावा आणि पुसण्याचा कोड त्याच बैठकीत लिहून टाका.