हजारापासून सुरू झालेला लिलाव नऊ हजारांना कसा पडतो

सुरुवातीची बोली १,००० दिसली की वस्तू हजार-दोन हजारांत सुटेल असं वाटतं. तो आकडा गर्दी जमवण्यापुरता असतो. ज्याच्या खाली विक्रेता माल सोडणार नाही ती राखीव किंमत वेगळी, आणि बहुतेकदा गुप्त. समजा ती ८,००० आहे. ऑनलाइन लिलावात तुम्ही तुमची मर्यादा, म्हणजे कमाल बोली, सांगून ठेवता आणि संकेतस्थळ तुमच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत जातं. ती ९,००० टाकलीत, तर काही संकेतस्थळांवर भाव एका उडीत ८,००० वर जातो, समोर दुसरं कोणी नसलं तरी. इथपर्यंत फसवणूक नाही. नियमच तसा आहे.

लबाडी यापुढची. विक्रेत्याचाच माणूस दुसऱ्या खात्यावरून ९,५०० टाकतो. बोलीची वाढ १०० ची असेल तर भाव ९,१०० दिसतो आणि तुमची मर्यादा ९,००० होती हे त्याला कळतं. मग 'आकडा चुकला' म्हणत तो बोली मागे घेतो आणि ८,९०० ची नवी लावतो. पुन्हा तुम्हीच पुढे, पण आता ९,००० ला! कमाल बोली आधीपासून टाकून ठेवणारेच यात सापडतात. शेवटच्या मिनिटात टाकलीत तर चाचपायला त्याला वेळ उरत नाही.

बोलींचा इतिहास उघडून बघा. मागे घेतलेल्या बोली, नवंकोरं खातं, एकाच विक्रेत्याच्या मालावर बोलणारा आणि कधीच न जिंकणारा गडी, तीच वस्तू पुन्हा लिलावात: यातल्या दोन गोष्टी जुळल्या तर बाजूला व्हा.

कधी त्या माणसाचा अंदाज चुकतो आणि बोली त्याच्याच गळ्यात पडते. मग निरोप येतो: 'पहिल्याने माघार घेतली, तुमच्या शेवटच्या बोलीला घ्या.' तेव्हा त्याच्या बोली वगळून भाव मांडा. राखीव किंमत नसेल आणि तिसऱ्याची बोली ६,२०० वर थांबली असेल, तर तुम्हाला ती वस्तू ६,३०० ला मिळायला हवी होती. तेवढेच सांगा. पैसे संकेतस्थळाबाहेर मागितले तर तेही नको.

सभागृहातल्या लिलावात पुकारणारा राखीव किमतीपर्यंत हवेतून, म्हणजे कोणीच न लावलेली, बोली उचलू शकतो. अनेक ठिकाणी ते चालतं, पण अटींत 'विक्रेत्याच्या वतीने बोली' असं लिहिलेलं असतं. राखीव ओलांडल्यावरही तसंच चालू राहिलं तर ती उघड फसवणूक.

हातोडा पडून सौदा ठरतो त्या भावावर लिलावगृहाचं खरेदीदार शुल्क निराळं. ते २५ टक्के असेल आणि खिशात १०,००० असतील, तर तुमची शेवटची बोली ८,०००. शुल्कावर कर असेल तर त्याहून कमी.